वल्ह्यांचा खेळ आणि मावळचे पाणी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, सह्याद्रीच्या माथ्याला टेकून मावळ तालुका पसरलेला आहे. लोणावळा परिसरात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरांवरील पुणे शहराच्या वाट्याला त्याचा जेमतेम सहावा हिस्सा येतो. हे पाणी अडविण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाला. टाटा जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवता येथे जलाशय उभारले आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईस वीज पुरविण्यास प्रारंभ केला. पुढे आंद्रा खोऱ्यात ठोकळवाडीचा जलाशय झाला, त्याचे पाणी भिवपुरीकडे वळविण्यात आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरण पुरे झाले आणि तुंग, तिकोना, लोहगड व विसापूर या चार किल्ल्यांच्या मधोमध एक विस्तीर्ण तलाव निर्माण झाला. वीज, शेती आणि शहरांचे पिण्याचे पाणी या तीन कामी मावळचे पाणी येते, हे सर्वांस ठाऊक आहे. याच पाण्याच्या वाटेवर खाली पुण्यात एक खेळ दीडशे वर्षांच्या आसपास चालत आलेला आहे, याची वार्ता मात्र मावळातील शाळांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. हा खेळ म्हणजे वल्ह्यांच्या नौकांची शर्यत.

मराठीत या खेळाला 'नौकानयन' म्हणतात. हा शब्द थोडा अडचणीचा आहे. कारण शिडाच्या नौकांची शर्यत, समुद्रावरील जहाजांची वाहतूक आणि वल्ह्यांची शर्यत या तिन्हींसाठी तोच वापरला जातो. वृत्तपत्रांतून 'रोईंग' हा इंग्रजी शब्द आता रूढ झाला आहे व खेळाडूही तोच वापरतात. कयाक आणि कनू या नौकांचा खेळ याहून वेगळा. त्यात खेळाडू तोंड पुढे करून बसतो आणि वल्हे मोकळे हातात धरतो. रोईंगमध्ये वल्हे नौकेला जोडलेल्या लोखंडी वा ॲल्युमिनियमच्या बाहूवर टेकलेले असते आणि खेळाडू पाठमोरा बसून, जिकडे जावयाचे तिकडे पाठ करून नौका पळवितो. प्रथमच पाहणाऱ्यास हे विचित्र वाटते. पण पायांची संपूर्ण ताकद वल्ह्यात उतरावयाची तर दुसरा उपाय नाही.

पवनेचे पाणी चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीवरून पुढे येते व दापोडीजवळ मुळेस मिळते. मुळा खडकीवरून वाहत येऊन संगमावर मुठेस मिळते. या टापूतच पुण्यातील रोईंगची जुनी ठाणी आहेत. लष्करी अधिकाऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात निघालेल्या बोट क्लबाला ड्यूक ऑफ कॅनॉट याचे नाव मिळाले. हा राजपुत्र १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. संगमाजवळील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा बोट क्लब १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. त्या विद्यार्थ्यांचा वार्षिक 'रेगाटा' म्हणजे नौकांचा मेळावा. तो पाहावयास काठावर पुणेकरांची गर्दी होते. आजच्या घडीला भारतीय रोईंगचे खरे बळ मात्र दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातील केंद्रात आहे. 'आर्मी रोईंग नोड' या नावाने ते ओळखले जाते. तेथे शर्यतीसाठी सरळ जलमार्ग आहे, राष्ट्रीय स्पर्धा त्यावर अनेकदा झाल्या आहेत आणि राष्ट्रीय संघाची शिबिरेही तेथे भरतात.

नौका आणि तिचे गणित

शर्यतीची नौका ही आपल्या ओळखीच्या होडीसारखी मुळीच नसते. एका खेळाडूची नौका सुमारे आठ मीटर लांब आणि पाण्याच्या पातळीवर फूटभरही रुंद नसते. नियमाप्रमाणे तिचे वजन १४ किलोपेक्षा कमी असता कामा नये. याचा अर्थ नौका बांधणारे ते याहून कमी करू शकतात, म्हणूनच नियम करावा लागला. आठ जणांची नौका सतरा-अठरा मीटर लांब असून तिचे किमान वजन ९६ किलो ठरविलेले आहे. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असेल तर त्या प्रकाराला स्कलिंग म्हणतात. दोन्ही हातांनी एकच लांब वल्हे ओढावयाचे असेल तर तो स्वीप. आठांच्या नौकेत नववा माणूस सुकाणू धरून बसतो. तो एकटाच पुढे पाहत असतो, म्हणून त्याच्या आवाजावर आठ जणांची भिस्त असते.

बैठक चाकांवर पुढे-मागे सरकते. पावले मात्र पट्ट्यांनी किंवा बुटांनी पायटावर बांधलेली असतात. गुडघे दुमडून पुढे यावयाचे, वल्ह्याचे पाते पाण्यात रोवावयाचे, पाय ताठ करीत मागे रेटावयाचे, मग पाठ, शेवटी हात. पाते पाण्याबाहेर काढून आडवे करावयाचे आणि पुन्हा सावकाश पुढे यावयाचे. ओढण्याचे काम सर्वांत अधिक पायांचे असते, हातांचे सर्वांत थोडे. नवखा खेळाडू याच्या उलट करतो आणि दहा मिनिटांत दमून बसतो. शर्यतीचे अंतर २,००० मीटर आहे. ते काटण्यास नौकेच्या प्रकाराप्रमाणे साडेपाच ते साडेसात मिनिटे लागतात. एवढ्या वेळात मिनिटाला तीस ते चाळीस वेळा वल्हे ओढले जाते. धावण्याच्या भाषेत बोलावयाचे तर ही मध्यम पल्ल्याची शर्यत आहे: सुरुवातीस शंभर मीटरवाल्याचा स्फोट आणि नंतर पाच मिनिटे फुप्फुसांची परीक्षा.

पावसाळ्यातील तयारी

या खेळाचे वर्ष पावसाभोवती फिरते. युरोपात नद्या हिवाळ्यात थंडगार होतात आणि शर्यती उन्हाळ्यात भरतात. तेथील क्लब डिसेंबर-जानेवारीत व्यायामशाळेत घाम गाळतात. पुण्याकडे घडी उलटी बसते. जुलै ते सप्टेंबर या काळात पवना, मुळशी आणि खडकवासला येथून विसर्ग सुरू झाला की नद्यांतून नौका नेणे धोक्याचे होते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा बहुधा हिवाळ्यात होतात. म्हणजे संघाला पावसाळाभर जमिनीवर तयारी करून, पाऊस ओसरताच दोन-तीन महिन्यांत पाण्यावरचा मेळ साधावा लागतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मुख्य वेळ उन्हाळा व पावसाळा ही असल्याने राष्ट्रीय संघातील खेळाडूंना हे दोन्ही हंगाम एकाच वर्षात सांभाळावे लागतात, आणि त्यांची ओढाताण होते हे उघड आहे.

जमिनीवरील तयारीचा कणा म्हणजे एर्गोमीटर नावाचे यंत्र. सरकती बैठक, साखळीला जोडलेला दांडा आणि वाऱ्याच्या रोधाने फिरणारे चक्र अशी त्याची साधी रचना असते. खेळाडू जितक्या जोराने ओढील तितका रोध वाढतो आणि समोरच्या पडद्यावर पाचशे मीटरला लागणारा वेळ दिसतो. हे यंत्र कोणाची भीड धरीत नाही. पावसाळ्याच्या आरंभी प्रशिक्षक खेळाडूंची २,००० मीटरची चाचणी घेतो, आकडा लिहून ठेवतो, आणि ऑक्टोबरात तीच चाचणी पुन्हा घेतो. अधल्या महिन्यांत आठवड्यातील बराच वेळ संथ, लांब पल्ल्याच्या कामात जातो: मिनिटाला अठरा-वीस ओढींनी तास-दीड तास. बोलता येईल एवढाच दम लागावा, असा हा वेग असतो. उतावळ्या तरुणांना हा भाग कंटाळवाणा वाटतो व ते जोर लावू पाहतात. चांगला प्रशिक्षक त्यांना अडवितो. शर्यतीतील शक्तीचा मोठा भाग प्राणवायूच्या आधारे तयार होत असल्यामुळे हृदय व फुप्फुसांचा पाया या संथ कामानेच पक्का होतो. जोडीला वजने उचलणे, टेकड्या चढणे आणि पोहणे असते. पोहणे हे येथे व्यायामापेक्षा सुरक्षिततेचे कलम आहे. ज्याला अंगावरील कपड्यांसह पोहता येत नाही त्याने शर्यतीच्या नौकेत पाऊल ठेवू नये, हा कोणत्याही जबाबदार क्लबाचा पहिला नियम असावा लागतो.

पाऊस थांबला की नौका बाहेर निघतात. पहिले काही दिवस वेगाचा विचारही होत नाही. नौका डोलणार नाही एवढे साधले तरी पुष्कळ. आठ जणांपैकी एकाचे वल्हे क्षणभर उशिरा पाण्यात पडले तरी नौकेचा सारा तोल जातो, आणि तो दोष कोणाचा हे कळण्यास प्रशिक्षकाला काठावरून किंवा सोबतच्या मोटरबोटीतून डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. त्याच काळात नौकेची जुळणी चालते. प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे पायट पुढे-मागे करावयाचा आणि वल्ह्याच्या आधाराची उंची सेंटिमीटरांच्या मापात बदलावयाची. तळहातांची कातडी सोलवटते, फोड येतात, मग घट्टे पडतात. हातमोजे घालणारा खेळाडू क्वचितच दिसेल; वल्ह्याचा दांडा बोटांना जाणवला पाहिजे.

संघाची निवड हा या महिन्यांतील सर्वांत नाजूक विषय. कबड्डीत किंवा कुस्तीत कोण सरस ते समोर दिसते. चार जणांच्या नौकेत चौघे एकाच वेगाने जातात. मग त्यांतील कोण नौका ओढतो आणि कोण नुसता बसतो, हे ठरवावयाचे कसे? यासाठी जी रीत आहे ती शिक्षकांना गणिताचे उदाहरण म्हणूनही उपयोगी पडेल. चौघांच्या दोन नौका शेजारी लावून ठरलेले अंतर पळवितात व दोहोंतील अंतर नोंदवितात. मग दोन्ही नौकांतील एकेका खेळाडूची फक्त अदलाबदल करून तीच शर्यत पुन्हा घेतात. पहिल्या वेळी पहिली नौका दोन सेकंदांनी पुढे होती आणि अदलाबदलीनंतर ती एक सेकंदाने मागे पडली, तर एकूण फरक तीन सेकंदांचा. तो त्या दोन खेळाडूंच्या नावे लिहिला जातो. वारा, दमणूक आणि मुद्दाम कमी जोर लावण्याचा मोह या तिन्हींमुळे रीत बिघडू शकते, म्हणून ती अनेकदा फिरवून घ्यावी लागते. यंत्रावर सर्वांत पुढे असलेला खेळाडू या परीक्षेत मागे पडतो, असे पुष्कळदा घडते. त्याच्या ठायी बळ असते, पण दुसऱ्याच्या लयीत ते मिसळत नाही.

दुष्काळी गावाचा नौकापटू

भारताने ऑलिंपिक रोईंगमध्ये प्रथम भाग घेतला तो २००० साली सिडनी येथे. आशियाई क्रीडा स्पर्धांत या खेळाचा समावेश १९८२ च्या दिल्ली स्पर्धेपासून झाला. त्या वेळी शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या होत्या. पुढे तो तलावच कोरडा पडला, ही गोष्ट जलाशयांच्या गावांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आशियाई स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक २०१० साली ग्वांगझौ येथे श्री. बजरंगलाल ताखर यांनी मिळविले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव श्री. दत्तू बबन भोकनळ यांचे. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. हा अवर्षणाचा टापू. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर ते जात असत. वडिलांच्या निधनानंतर २०१२ साली ते सैन्यात दाखल झाले आणि खडकी येथे असताना त्यांची उंची व ताकद पाहून त्यांना रोईंगकडे वळविण्यात आले. त्यापूर्वी त्यांनी शर्यतीची नौका पाहिलेली नव्हती. अवघ्या चार वर्षांत, २०१६ साली, ते रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल प्रकारात उतरले आणि तेरावे आले. २०१८ साली पालेमबांग येथील आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कलमध्ये सर्वश्री स्वर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीतसिंग यांच्यासह त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पाण्यावाचून तहानलेल्या गावातील मुलगा पाण्यावरच्या खेळात एवढी मजल मारतो, यामागे त्याची जिद्द तर आहेच. पण वेळेवर नौका, प्रशिक्षक आणि रोजचे जेवण मिळाले, हेही तितकेच खरे आहे. सैन्याने ते दिले. नाशिकमध्ये गोदावरीवर महाविद्यालयीन बोट क्लबाने हेच काम नागरी क्षेत्रात केले आहे. पुढे २०२३ साली हांगझौ येथे भारताने रोईंगमध्ये पाच पदके मिळविली, दोन रौप्य व तीन कांस्य. या पदकविजेत्यांत सैन्यातील खेळाडूंचाच भरणा होता.

मावळच्या मुलांना संधी आहे काय

चांदवडच्या मुलाला पाणी शोधीत दापोडीस यावे लागले. मावळच्या मुलाच्या घरासमोर पाणी आहे. मग या तालुक्यातून संघ का तयार होऊ नये, हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर उत्साहाच्या भरात देता येणार नाही.

पहिली गोष्ट जलाशयांच्या स्वरूपाची. अधिकृत शर्यतीला २,००० मीटरचा सरळ पट्टा, साडेतेरा मीटर रुंदीच्या सहा ते आठ मार्गिका आणि किमान तीन मीटर खोली लागते. मावळचे जलाशय ऑगस्ट-सप्टेंबरात काठोकाठ भरतात आणि मे महिन्यापर्यंत बरेच खाली जातात. तेव्हा काठाला चिखलाचा उतार उघडा पडतो व नाजूक नौका पाण्यापर्यंत नेणेही कठीण होते. घाटमाथ्यावरचा वारा दुपारनंतर लाटा उठवितो. म्हणून मोठ्या स्पर्धा येथे भरविण्याचे मनसुबे तूर्त दूर ठेवलेले बरे. सरावाला मात्र एवढे काही लागत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांत सकाळी सहा ते नऊ या वेळात हजारभर मीटरचा शांत पट्टा मिळाला तरी शिकणाऱ्यांचे काम भागते.

दुसरी गोष्ट परवानगीची. लोणावळ्याकडील जुने जलाशय वीज कंपनीच्या ताब्यात आहेत, पवना जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहे. पवनेचे पाणी लाखो लोक पितात. वल्ह्यांच्या नौकेमुळे पाण्याला काडीचाही उपद्रव होत नाही. पण तिच्यासोबत बचावासाठी मोटरबोट असावीच लागते आणि तिचे इंधन व तेल पाण्यात जाता कामा नये. विजेवर चालणारी बचाव-नौका हा यावरील रास्त मार्ग आहे. तो महाग आहे, हेही प्रस्तावात प्रामाणिकपणे लिहावे.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे. पवना धरणासाठी ज्यांची जमीन गेली त्यांतील अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळत राहिला. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला. जलाशयाच्या काठी गेल्या काही वर्षांत तंबूंची पर्यटनस्थळे वाढली आहेत. अशा ठिकाणी 'जलक्रीडा केंद्र' हा शब्द उच्चारला की ग्रामस्थांच्या मनात शंका येणे साहजिक आहे: हे कोणासाठी? नौका शहरातल्यांच्या आणि त्या धुण्याचे काम गावच्या मुलांचे, अशी वाटणी होणार असेल तर तो प्रस्ताव ग्रामसभेने नाकारलेलाच बरा. प्रशिक्षणार्थींत धरणग्रस्त गावांच्या मुलामुलींना अग्रक्रम आणि व्यवस्थापनात ग्रामपंचायतीला जागा, या दोन अटी आरंभीच लेखी ठरवाव्यात.

आणि जिवाचा प्रश्न तर सर्वांत आधी. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. मावळात पाणी मुबलक आहे, पण ते अंगणातल्या ओळखीच्या जनावरासारखे नाही. या भागातील किती शाळांत मुलांना पोहणे शिकविले जाते, याची यादी मुख्याध्यापकांनी एकदा करून पाहावी. रोईंगचा क्लब निघो वा न निघो, पोहण्याचे आणि बुडत्याला काठी वा दोर फेकून वाचविण्याचे शिक्षण इयत्ता पाचवीपासून देता आले तर तेवढ्यानेच दरवर्षी काही घरांतील दिवे मालवायचे राहतील. क्लबाचे पहिले वर्ष याच कामात गेले तरी ते वाया गेले असे म्हणता येणार नाही.

खाली पुण्यात अडचण निराळी आहे. मावळातून निर्मळ निघालेली पवना पिंपरी-चिंचवडमधून जाताना सांडपाण्याने काळवंडते, आणि हिवाळा संपता संपता मुळा व पवनेच्या पात्रांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. वल्ह्याचे पाते त्यात अडकले की नौका जागच्या जागी फिरते. नगरपालिका यंत्रे लावून ती काढते, काही आठवड्यांत ती पुन्हा येते. सांडपाण्यातील खत तिला पोसत असते. ज्या महिन्यांत विद्यार्थ्यांचा सराव ऐन भरात यावयास हवा, त्याच महिन्यांत पात्र बुजते. नदीच्या आरोग्याचे मापन प्रयोगशाळेत होतच असते. पण काठावर नौका उलटी ठेवून बसलेला विद्यार्थीही ते करीत असतो.

एखाद्या महाविद्यालयाने किंवा शाळेने आरंभ करावयाचा झाल्यास शर्यतीच्या नौकेपासून करू नये. कार्बन तंतूंची आयात केलेली नौका लाखो रुपयांना पडते आणि खडकावर एकदा घासली की फाटते. त्याऐवजी रुंद तळाची, फायबर ग्लासची शिकाऊ नौका घ्यावी. ती सहसा उलटत नाही व गावातील कारागीर तिची डागडुजी करू शकतो. एक जुने एर्गोमीटर, प्रत्येकी एक जीवरक्षक जाकीट, एक बचाव-नौका आणि पोहण्यात तरबेज असे दोन शिक्षक, एवढ्यावर वीस मुलांची तुकडी एक हंगाम शिकू शकते. वीसांत दहा मुली असाव्यात. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या शर्यती १९७६ साली आल्या तेव्हा त्यांना केवळ १,००० मीटर दिले होते. १९८८ पासून त्याही पुरुषांइतकेच अंतर काटतात.

नवा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. त्याआधी सप्टेंबरच्या अखेरीस नौकागृहात एक काम चालते, ते पाहण्यासारखे असते. पावसाळाभर तुळयांवर उलट्या टांगलेल्या नौका खाली उतरवितात, प्रत्येक बाहूचा बोल्ट सोडवून वंगण घालतात, बैठकीची चाके पुसतात, आणि मग आठ जण एका आवाजावर लांबलचक नौका खांद्यावर घेऊन पाण्याकडे निघतात. अठरा मीटरची ती काया वळणावर कोठे आपटू नये म्हणून पुढचा एक पाऊल टाकतो तेव्हा मागच्याने थांबावयाचे असते. पाण्यात उतरण्यापूर्वीच संघाचा पहिला धडा तेथे सुरू झालेला असतो, आणि सुकाणूधर त्याच वेळी आपला आवाज तपासून घेतो.